चार्जिंगची खोली

या मावशी, आत या. दार उघडंच असतं आमचं. लाइट आत्ता गेली, हा दिवा लावते न लावते तोच तुम्ही आलात. जिन्यात मिट्ट काळोख असेल. कुणी मोबाइलचा उजेड दाखवला म्हणता? बरं झालं बाई. मधली एक पायरी तुटलीय, नवा माणूस हमखास तोंडावर आपटतो तिथे. घरमालकाला सांगून सांगून माझी जीभ झिजली.

बसा. ते पेले जरा सरकवा आणि टेका. एवढे पाण्याचे पेले भरून का मांडलेत हे विचारायचं अगदी ओठांवर आलंय तुमच्या, पण विचारत नाही. भल्या आहात. पदराखाली फोटो धरून बसलात, तोही मला दिसलाय. चष्म्याच्या दुकानात काम करते मी. समोरच्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावरच माझं पोट चालतं. फोटो आत्ताच काढू नका. आधी माझं ऐकून घ्या आणि मग ठरवा, आईला तो दाखवायचा की नाही.

आई म्हणजे ती काय, दारासमोर खुर्ची टाकून बसलीय. तुम्ही तिच्या अंगावरून आलात तरी तिनं मान वर केली नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ती तुमची वाट बघत नव्हती.

माझा धाकटा भाऊ सरहद्दीच्या कुंपणापलीकडे गेला. तुमच्या घरचं माणूस गेलं तसाच. एजंटानं काम मिळेल म्हणून सांगितलं, यानं बॅग भरली. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणायचे. तोंड मात्र काडी नव्हतं. आईचा पहिला पांढरा केस यानंच शोधला आणि त्या दिवसापासून तिला ‘म्हातारी’ म्हणायला लागला. “ए म्हातारे, चहा टाक. ए म्हातारे, माझी पँट कुठंय?” आई हातात येईल ते घेऊन मागे धावायची आणि हा जिन्यावरून खाली पळायचा. ‘आई’ अशी सरळ हाक त्याच्या तोंडून आम्ही कधी ऐकली नाही. ती म्हणायची, “मी मेले की तरी आई म्हण रे.”

शेवटचा फोन तिकडे मिठाचा माळ लागतो तिथून आला. म्हणाला, कुंपण ओलांडलं, चार्जिंग संपत आलंय, पोचलो की करतो. त्यानंतर काही नाही.

मग जे तुम्ही केलंत तेच आम्ही केलं. ऑफिसं झाली, एजंटाचं बंद दार झालं, हॉस्पिटलं झाली. कुणी म्हणालं तुरुंगात असेल, कुणी म्हणालं दुसरं लग्न केलं असेल. मेलेल्या माणसासाठी रडता तरी येतं. हरवलेल्या माणसासाठी नुसतं ताट वाढायचं आणि झाकून ठेवायचं. आईनं एक काम मात्र सोडलं नाही. दर महिन्याला पहिलं काम काय, तर त्याच्या नंबरावर रिचार्ज मारायचा. “त्याचं चार्जिंग संपलंय, ते तो कुठेही करेल. पण नंबरच बंद झाला तर पोर फोन कशावरून करेल?” आणि रोज दुपारी जेवणं झाली की ती त्याला फोन लावायची. बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आई त्या बाईचंही शेवटपर्यंत ऐकून घ्यायची.

त्या खोलीबद्दल दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. कुंपणाच्या अलीकडे, आपल्याच बाजूला, एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे. पलीकडच्या माळावर सापडलेले मोबाइल तिकडची काही चांगली माणसं पेटीत घालून इकडे पाठवतात. काचा फुटलेल्या, लॉक लागलेलं, कुणाचा कोणता काही कळायला मार्ग नाही. पण आपल्यासारख्या घरांतून नंबर जिवंत ठेवलेले असतात, हे तिथल्या काकांना ठाऊक आहे. हे काका टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले. ते सगळे मोबाइल साफ करतात, जे सुरू होतील ते चार्जिंगला लावतात आणि रविवारी दुपारी घरच्या लोकांना बोलावतात. एकेकानं आपल्या माणसाचा नंबर लावायचा. टेबलावर जो वाजेल तो त्याचा. इतकं साधं आहे सगळं.

मी आईला नेलं नाही. गुडघे दुखतात, प्रवास झेपणार नाही, असं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. टेबलावर फोन वाजला तर तिचं काय होईल, ते मला बघायचं नव्हतं. निघताना तिला बजावलं, “आज दुपारी त्याला फोन लावू नकोस. तिथे एका वेळी एकानंच लावायचा असतो.” ती म्हणाली, “मला काय अक्कल नाही?” आणि माझ्या पिशवीत एक चार्जर घातला. “तिथे कमी पडले तर.”

बसनं दुपारी त्या कारखान्यापाशी सोडलं. चांगलं लख्ख ऊन होतं. गावाबाहेरचा रस्ता, एक पंक्चरचं दुकान, त्याच्यापुढे कुंपण आणि कुंपणापुढे नजर पोचेल तिथवर पांढरं. आत शिरले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. बर्फाची खोली ती, जाड भिंतींची, खिडकी नाही. ओल्या पोत्यांचा आणि गंजाचा वास येत होता. बाहेरचा आवाज आत येत नाही म्हणून काकांनी तीच खोली घेतली होती. मधोमध लांब टेबल, वर एक ट्यूबलाइट, टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर मोबाइल ओळीनं उताणे ठेवलेले. प्रत्येकाला वायर. भिंतीला लागून बाकं आणि बाकांवर आपली माणसं.

आपली म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी. तुम्हाला सांगते मावशी, तिथे कुणी कुणाला काही विचारत नव्हतं आणि तरी मला खूप दिवसांनी आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

काकांनी नियम सांगितला. “आत रडायचं नाही. फोन वाजला तर मी तो तुमच्या हातात देईन, तो घेऊन अंगणात जायचं आणि तिथे पाहिजे तेवढं रडायचं. इथे आवाज झाला तर पुढच्याला त्याची रिंग ऐकू येणार नाही.” रागानं नाही, रोजचं सांगितल्यासारखं सांगितलं त्यांनी.

माझ्या शेजारी एक पिकल्या मिशांचे गृहस्थ बसले होते. बसचे ड्रायव्हर होते. मुलगी नर्सिंगच्या कामासाठी पलीकडे गेली आणि गायब झाली. हळू आवाजात म्हणाले, “आयुष्यभर परक्यांना त्यांच्या त्यांच्या स्टॉपवर उतरवलं. माझीच पोरगी कुठे उतरली, पत्ता नाही.” आणि हसले. मग तिचं सांगत बसले. दातांना तार लावली होती, तेव्हापासून बोलताना, हसताना तोंडावर हात धरायची. तार निघाली तरी हात निघाला नाही. “तिचं लग्न ठरवताना पंचाईतच होणार बघा, मुलाकडच्यांना वाटेल मुलीला तोंडच नाही.” त्यांच्यानंतर माझा नंबर होता.

दोघातिघांचं झालं. नंबर लावायचा, फोन कानाला, आणि टेबल गप्प. एक बाई तर टेबल वाजलं नाही म्हणून आनंदानं हात जोडून बाहेर गेली. मग काकांनी ड्रायव्हरकाकांना खूण केली. ते उठले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नंबर लावला.

आणि टेबलावर एक फोन वाजला.

वाजला म्हणजे नुसता थरथरला आधी, पांढऱ्या कापडावर, वायरीसकट. मग रिंग. जाड भिंतींत तो आवाज कोंडला आणि माझ्या दातांत शिरला. ड्रायव्हरकाकांच्या हातातला फोन खाली पडला. ते टेबलाकडे धावले, दोन्ही हात पुढे करून, लहान मूल पकडायला धावावं तसे. वाकून बघितलं आणि तसेच थबकले. त्यांचा फोन जमिनीवरून सांगत होता, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आणि टेबलावरचा वाजतच होता.

“हा माझा नाही,” ते म्हणाले. “ह्यावर... ‘म्हातारी’ असं लिहून आलंय.”

मी उठले कधी आणि टेबलापाशी पोचले कधी, मला आठवत नाही. काचेला तडे होते, तरी अक्षरं स्पष्ट होती. म्हातारी. आणि खाली आमच्या आईचा नंबर. त्याचा फोन सापडला म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आईनं न राहवून जेवणानंतरचा रोजचा फोन लावला होता, इतकंच. मी सांगूनसवरूनही लावला होता. एका क्षणात मला तिचा संताप आला आणि त्याच क्षणी वाटलं की आता हिला मी तोंड कसं दाखवू.

काकांनी फोनला हात लावायच्या आत रिंग थांबली. मला वाटलं आईनं कट केला. पण काचेवर सेकंद पळायला लागले होते. फोन कुणीतरी उचलला होता...

“तुम्ही...?” मी विचारलं.

काकांनी दोन्ही हात वर करून दाखवले. बाकांवरची माणसं बाकांवरच होती. टेबलापाशी आम्ही तिघं, आणि आमच्यापैकी कुणीही त्या फोनला शिवलं नव्हतं. आणि मग त्यातून आईचा आवाज यायला लागला. बारीक, पण त्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती.

“हॅलो... हॅलो? बाळा? अगं बाई... तूच ना? बोल... हो, येतंय ऐकू. लांबून येतंय, पण येतंय.”

मग ती थांबली. आपण समोरच्याचं ऐकताना थांबतो तशी. खोलीत कुणाचाही आवाज नव्हता.

“पाणी...? पाणीच नाही मिळालं? अरे, मग घरी ये ना. ताई आलीय तिथे? दिसतेय तुला? मग तिच्याबरोबरच नीघ.”

पुन्हा थांबली. या वेळी जास्त वेळ. ओल्या पोत्यांचा वास जाऊन मला दुसराच वास यायला लागला होता, कोरडा, घशाला लागणारा.

“कोण कोण आहे...? इतके...? अरे, विचारतोस काय वेड्यासारखा! घेऊन ये सगळ्यांना. आपलं घर काय परकं आहे? दाटीवाटीनं झोपतील. हो... हो... सगळ्यांना म्हणाव, या.”

तिथे मी ओरडले. फोन उचलून तोंडाशी धरला आणि ओरडले, “आई! आई, मी बोलतेय! ठेव फोन! आई!” काकांचा नियम, पुढच्याची रिंग, कशाचं भान राहिलं नाही मला.

पलीकडून आई म्हणाली, “कोण बाई ओरडतेय रे तुमच्यात? काय झालंय तिला...? बरं बरं, ठेव. सांभाळून या.”

सेकंद थांबले. काच काळी झाली.

बाकावरच्या एका बाईनं आपल्या नवऱ्याचा हात गच्च धरला होता. काकांनी मला दंडाला धरून अंगणात नेलं, पाणी पाजलं.

“हा फोन एका शर्टाच्या खिशात होता. भाऊ अंगानं कसा होता तुमचा?”

“काडी.”

“शर्ट मोठ्या मापाचा होता.” काका म्हणाले. “असं बघा, माळावर ज्याच्या फोनला चार्जिंग, त्याच्याकडे सगळे आपलं बोलणं सोपवतात. जो पुढे चालतो त्याच्या हातात दिवा म्हणून दुसऱ्याचा फोन देतात. त्यामुळे ज्याच्या खिशात फोन, तो त्याचाच असं तिकडे नसतं. तिथे... एकट्याचीच हाडं नव्हती. एका झुडपाच्या सावलीत सगळे जवळ जवळ बसले होते.”

“त्यात माझा भाऊ होता?”

“ते मला सांगता येणार नाही, बाई. कुणालाच सांगता येणार नाही.”

तेवढ्यासाठी मी तिथवर गेले होते, मावशी. आहे की नाही, एवढं एक वाक्य हवं होतं मला. ‘नाही’ असतं तरी मी ते दोन्ही हातांनी घेतलं असतं.

मी आईला फोन लावला. रिंग वाजायच्या आत तिनं उचलला, आणि तिचा आवाज... दोन वर्षांत तसा ऐकला नव्हता. खुशीनं नुसता उतू जात होता.

“बोलला गं! बारक्या बोलला! तुला तिथे भेटला ना?”

मी एवढंच विचारलं, “आवाज त्याचाच होता का, आई?”

“बसलाय आवाज. घसा कोरडा पडल्यासारखा. पण आपलं पोर आपल्याला कळत नाही होय?” आणि मग हसून, जरा लाजूनच, म्हणाली, “आणि ऐकलंस का... ‘आई’ म्हणाला मला. आई, आम्ही येऊ का, असं. शहाणा झालाय गं तिकडे जाऊन.”

भर उन्हात उभी होते मी. तो शब्द बारक्याचा नव्हता.

फोन काकांनी मला दिला. ज्याचा वाजला त्यानं न्यायचा, असाच रिवाज होता तिथला. न्यावा की न न्यावा हे मला ठरवता येईना. आईनं बोलावलंय आणि मी टाकून गेले, असं झालं तर? आणि बारक्या खरंच त्यांच्यात असला तर? मी तो पर्समध्ये घातला. ड्रायव्हरकाकांचा निरोप घेतला. त्यांनी माझा पत्ता लिहून घेतला. का घेतला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

परतीच्या बसमध्ये पुढे चार माणसं आणि मागे मी एकटी. गाडी चढ घेईना. ड्रायव्हर गिअर बदलून बदलून वैतागला. शेवटी आरशात बघून कंडक्टरवर डाफरला, “अरे, रिकाम्या गाडीत काय धोंडे भरलेत का?” कंडक्टर मागे आला, माझ्या आसपासच्या मोकळ्या सीटांवरून नजर फिरवली, आणि का कोण जाणे, अंग चोरून, आडवा होत होत पुढे गेला. गर्दीच्या बसमध्ये चालतात तसा. त्याचं त्याला कळलं नसावं. मला कळलं. मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि घर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

दिवेलागणीला मी जिना चढले. आई दारात उभी. ठेवणीतली साडी नेसलेली, आणि घरातले होते नव्हते तेवढे पेले पाण्यानं भरून मांडलेले. मला वाटलं, आता माझ्या गळ्यात पडेल. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती आणि तिचा चेहरा फुलला होता.

“या, या. आत या,” ती म्हणाली. “सांभाळून, तिथे पायरी फुटलीय. चपला राहू देत... या.” मग मला म्हणाली, “अगं, बाजूला हो ना. दार अडवून उभी काय राहिलीस?”

आणि मला हाताला धरून तिनं आत ओढलं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. मला काही दिसत नव्हतं, मावशी, खोटं सांगणार नाही. जिना रिकामा होता. पण दंडाला वारा लागत होता. माणूस अगदी जवळून गेला की लागतो तसा, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. आणि तो कोरडा वास. आई दार धरून उभी होती, प्रत्येकाला मान तुकवत होती, “या... या...” म्हणत होती. तिचं हसू आधी मोठं होतं. मग नुसतं तोंडावर राहिलं. मग तेही गेलं, तरी ती बाजूला उभीच. गॅसवर ठेवलेला चहा उतू जाऊन विझला, त्याचा वास आला, तरी ती उभीच.

शेवटी तिनं जिन्यात डोकं घालून खालपर्यंत बघितलं. वळून घरात बघितलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकेक चेहरा तपासावा तसं. आणि मग माझ्याकडे बघितलं. एका दिवसात माणूस म्हातारं होतं म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

“सगळे आले गं,” ती म्हणाली. “आपला कुठंय?”

तर असे हे पेले. सकाळी उठून बघावं तर अर्धे झालेले असतात आणि काठाला पांढरी रेघ असते. फरशीवर मीठ सापडतं, पुसलं की पुन्हा. सुरुवातीला मी आईला डॉक्टरकडे नेणार होते. मग एकदा ती सहज म्हणाली, “ती फडताळापाशी उभी राहते ना, ती पोर फार गुणी आहे. पण तोंडावरचा हात म्हणून काढत नाही.” मी तिला ड्रायव्हरकाकांच्या मुलीबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

मी त्यांना कळवलं. ते धावत आले. आईनं बोट दाखवलं तिथे, त्या फडताळासमोर उभं राहून, टोपी हातात घेऊन, ते मोकळ्या जागेशी तासभर बोलले. रडले, रागावले, तिच्या आईची तब्येत कशी आहे ते सांगितलं तिला. आता दर रविवारी येतात. त्यांच्यामुळेच हे बाहेर पसरलं आणि तुम्ही आलात.

पण आमच्या पोराचं काय? आई रोज एकेकाला विचारायची, “माझा बारक्या कुठे राहिला? तुमच्याबरोबर होता ना?” विचारलं की सगळे माना खाली घालतात म्हणे. एकही बोलत नाही. म्हणून मी ड्रायव्हरकाकांना विनवलं, तुमची मुलगी तुमचं ऐकेल, तुम्ही विचारा. त्यांनी विचारलं. “बाळ, या ताईंचा भाऊ कुठे आहे? सांग बरं.”

आई फडताळाकडे बघत होती. आणि एकदम तिनं किंकाळी फोडली. आमची आई मोठ्यानं शिंकलेलीही मी कधी ऐकली नव्हती, मावशी.

ते गेल्यावर रात्री तिनं सांगितलं. “तिनं हात काढला. तोंडात मीठ भरलंय तिच्या. गच्च.”

मग ती उठली, दिवा घेतला, आणि प्रत्येकाच्या समोर जाऊन उभी राहिली. भिंतीकडेनं सगळं घर फिरली. “सगळ्यांच्याच,” ती म्हणाली. “एकालाही बोलता येणार नाही, गं.”

मी म्हणाले, “मग त्या दिवशी फोनवर तुझ्याशी बोललं कोण?”

तिनं खुर्ची उचलली आणि दारासमोर नेऊन ठेवली. तेव्हापासून दार उघडं असतं आमचं.

आता काढा फोटो, हवा तर. आणि तुमचा मुलगा इथे असला, तर एक करा माझ्यासाठी. त्याला... थांबा. तुम्ही मघापासून काय सांगायला बघताय? जिन्यात उजेड दाखवला, त्याच्याबद्दल? कोण होता?

काडीसारखा... बरं.

खाली कुणी राहत नाही, मावशी. दोन्ही मजले कधीचे रिकामे आहेत. काही बोलला का तो तुमच्याशी? नीट आठवून सांगा...

हळू. आईला ऐकू जाईल.

“सांभाळून चढा, म्हातारी वर राहते”... असंच म्हणाला? हेच शब्द? आणि तो वर का नाही आला तुमच्याबरोबर?

विचारलं होतंत तुम्ही त्याला... आणि?

“सगळे आत गेले का बघतो आणि मग येतो”...

अजून किती जण आहेत खाली?